दोनला उघडणारी खिडकी

आमच्या गावात लांबची बस दिवसातून एकदाच येते. दुपारी एकला येते आणि तीन वाजून दहा मिनिटांनी परत जाते. आणि परगावच्या माणसाला गावाची माहिती मिळावी म्हणून नगरपालिकेने जी खिडकी उघडली आहे, ती दुपारी एकला बंद होते आणि सव्वातीनला उघडते. त्या खिडकीत गेली बावीस वर्षं मी बसतो. यात काहीतरी चुकतंय असं कोणी म्हणेल. पण पाटीवर ‘जेवणाची सुट्टी : एक ते दोन’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. दोन ते सव्वातीन ही झोप. झोपेचा उल्लेख सरकारी पाटीवर करावा इतका मी निर्लज्ज नाही.

हा पायंडा माझा नव्हे, सासऱ्यांचा. माझ्याआधी ते या खिडकीत बसायचे. खिडकी म्हणजे बसस्टँडच्या कोपऱ्यातली एक खोली. आत एक टेबल, एक कपाट, एक बरी खुर्ची, एक सुतळीने पाय बांधलेली खुर्ची आणि भिंतीवर गावाचा नकाशा, ज्यातलं तळं उन्हाने केव्हाच उडून गेलंय. बाहेर खिडकीखाली एका फळीवर पाहुण्यांची नोंदवही असते आणि दोरीला बांधलेलं पेन. मागच्या दाराने बाहेर पडून गल्ली ओलांडली की घर. सासऱ्यांचं घर. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण दारावर अजून त्यांचीच पाटी आहे, आणि ती बदलायचा विषय मी कधी काढला नाही. काढला असता तर बायकोने बदलू दिली असती. म्हणूनच काढला नाही.

थोडक्यात, मी घरजावई आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर गावात कोणीतरी सांगतंच. नावाने मला इथे कोणी हाक मारत नाही. ‘चौकशी’ म्हणतात. पोरंसोरं ‘चौकशीकाका’ म्हणतात आणि म्हातारे नुसतंच, “काय रे चौकशी, जेवलास का?” असं विचारतात. जेवलो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी या गावात आलो तो इथलं काही बघायला नव्हे. पुढच्या शहरात माझ्या मित्राचं लग्न होतं, आणि आदल्या दिवशी मी कुठेतरी काहीतरी खाल्लं होतं. बस इथे थांबली तेव्हा माझ्या पोटात अशी काही उलथापालथ चालली होती की मी सामानासकट उतरलो. समोर खिडकी दिसली. बंद होती. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पाटी वाचण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी दोन्ही हातांनी खिडकी बडवली. इतकी बडवली की स्टँडवरचे हमाल बघायला आले.

खिडकी एका मुलीने उघडली. वडील घरी जेवत होते, ती हिशोबाची वही आणायला म्हणून खोलीत आली होती. मी म्हणालो, “संडास कुठे आहे?”

माझ्या बायकोशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. लोक पहिल्या भेटीच्या आठवणी सांगतात तेव्हा आम्ही दोघं विषय बदलतो. तिने किल्ली दिली, मागची वाट दाखवली आणि अर्ध्या तासाने मी परत आलो तेव्हा मीठ-साखरेचं पाणी दिलं. त्या काळी बस इथे जेमतेम दहा मिनिटं थांबून पुढे शहराला जायची; ती तोवर निघून गेलेली होती. लग्न माझ्यावाचून पार पडलं. त्यानंतर या गावात बस बदलावी लागेल अशी चार कामं मी शोधून काढली.

आता दादाबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट दादाची आहे. मी उगाच मध्ये मध्ये येतोय.

आमचे वडील गेले तेव्हा दादा वीस वर्षांचा होता आणि मी नऊ. त्याने स्वतःचं शिक्षण पुढे रेटत मला वाढवलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. घरातही भूगोलच शिकवायचा. “ती तिकडे ठेवलीय” असं म्हटलेलं त्याला चालत नसे; “कपाटाच्या पूर्वेला” असं म्हणावं लागे. मी जेमतेम पदवी मिळवली तेव्हा त्याने हेडमास्तरांच्या हातापाया पडून मला आपल्याच शाळेत कारकून म्हणून चिकटवला. दादा कोणाच्या पाया पडणारा माणूस नाही. माझ्यासाठी पडला. सात वर्षं मी तिथे हजेरीपटांवर रेघा मारल्या आणि मग एका संध्याकाळी त्याला सांगितलं की मी लग्न करतोय, नोकरी सोडतोय आणि सासऱ्यांच्या घरी राहून त्यांची खिडकी सांभाळणार आहे.

दादा जेवत होता. त्याने हात धुतला.

“सासऱ्याच्या घरी राहणार?”

“त्यांना दुसरं कोणी नाही.”

“आम्हाला पुष्कळ आहेत,” दादा म्हणाला.

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसण्याची अक्कल मला नेहमी आठवडाभर उशिरा येते. मी म्हणालो की इथे आहेच काय ठेवण्यासारखं, ते गाव किती सुंदर आहे, तू एकदा येऊन तर बघ.

“त्या गावात यावं असं एक कारण सांग,” दादा म्हणाला. “एक. मग येईन. पण तुझ्या सासऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही मी.”

“आणि तू येईपर्यंत मीही येणार नाही इकडे,” मी म्हणालो. हे वाक्य त्या वेळी मला फार बाणेदार वाटलं होतं. बावीस वर्षं ते पाळलं, कारण बाणेदारपणात आणि आळसात बाहेरून काही फरक दिसत नाही.

खिडकीत बसायला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी नगरपालिकेला पटवलं की गावाचं एक पत्रक हवं. ‘आमच्या गावी का यावे?’ असा मथळा. लोकांना वाटलं, जावईबापू उत्साही आहेत. मला पत्रक एकाच माणसासाठी छापायचं होतं. पहिल्या वर्षी चार कारणं होती. पहिली प्रत दादाला टपालाने पाठवली.

दहा दिवसांनी ती परत आली. सोबत पत्र नाही, चिठ्ठी नाही. फक्त पत्रकावर लाल शाईच्या खुणा.

‘टेकडीवरून दिसणारा मनोहर सूर्योदय’ या पहिल्या कारणाखाली लिहिलं होतं : “नकाशाप्रमाणे टेकडी गावाच्या पश्चिमेला आहे आणि तिच्या पूर्व अंगाला मनोरा आडवा येतो. सूर्य तुझ्यासाठी मार्ग बदलणार नाही.” ‘अथांग तळे’ याखाली : “अथांग हे माप नव्हे.” ‘शुद्ध हवा’ याखाली : “पुरावा?” आणि शेवटी, कोपऱ्यात, शाळेतल्यासारखे गुण. चारपैकी शून्य.

सूर्योदयाचं ते कारण माझ्या अंगाशी आलं होतंच. एक नवपरिणीत जोडपं पहाटे टेकडीवर जाऊन, कुडकुडत दोन तास मनोऱ्याची पाठ बघून माझ्या खिडकीवर आलं होतं. नवरा काही बोलला नाही. बायको बोलली. त्या वेळी मला कबूल करावं लागलं की मी स्वतः टेकडीवर कधी गेलेलो नाही. पत्रकातली सगळी माहिती सासऱ्यांनी तोंडी सांगितलेली होती, आणि सासऱ्यांनी ती त्यांच्या आधीच्या माणसाकडून ऐकली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पुढच्या वर्षी मी सूर्योदयाचा सूर्यास्त केला. टेकडीवर मात्र गेलो नाही. गुडघा दुखत होता. कुठला, ते आता आठवत नाही.

असं बावीस वर्षं चाललं. दर वर्षी पत्रक निघायचं, दर वर्षी पहिली प्रत दादाला जायची आणि दर वर्षी लाल होऊन परत यायची. चार कारणांची अकरा झाली. सासऱ्यांचं आजारपण, आमच्या मुलीचा जन्म, दादाची निवृत्ती, यातलं काहीही आम्ही एकमेकांना लिहिलं नाही. लिहिलं ते तळ्याच्या खोलीबद्दल आणि पक्ष्यांच्या संख्येबद्दल. ‘शेकडो जातींचे पक्षी’ याखाली दादाने लिहिलं होतं, “नावे दे.” मी सतरा नावं दिली, त्यातले दोन पक्षी निघाले एकच. सासरे गेले त्या वर्षी माझ्या हातून पत्रकात काही बदल झाला नाही, तसंच जुनं पाठवलं. त्या वर्षी परत आलेल्या प्रतीवर लाल शाई नव्हती. नुसतंच परत आलं होतं, नीट घडी करून. गुणही दिले नव्हते. बायको म्हणाली, “त्यांना कळलं असणार.” मी म्हणालो, कसं कळेल? आणि मग खोलीत जाऊन बराच वेळ त्या घडीकडे बघत बसलो.

ते पत्रक कुणाला तरी गावात आणेल अशी आशा नगरपालिकेने केव्हाच सोडली होती. मी सोडली नव्हती. रोज एकची बस आली की घरी जेवता जेवता मी बायकोला विचारायचो, “कोणकोण उतरलं?” ती म्हणायची, “खिडकीत बसलात तर कळेल.” मग मी झोपायचो.

या वर्षीचं पत्रक दादाकडून परत आलं ते मागच्या आठवड्यात. नेहमीपेक्षा खूप उशिरा. मी तर समजून चाललो होतो की आता त्याने तेही सोडलं. दुपारचे साडेचार वाजले होते, बायको चहा घेऊन खिडकीत आली होती. मी पत्रक उघडलं. लाल शाई या वेळी कमी होती. दोनच खुणा. तिसऱ्या कारणात मी लिहिलं होतं, ‘मनोऱ्यापर्यंतच्या ऐतिहासिक २१४ पायऱ्या’. दादाने २१४ खोडून वर लिहिलं होतं : “२०९.” आणि अगदी खाली, ‘माहिती खिडकी : सकाळी नऊ ते एक, दुपारी दोन ते सहा’ या ओळीतल्या ‘दोन’भोवती गोल काढून पुढे एक प्रश्नचिन्ह.

“आता पायऱ्यांवर घसरलाय,” मी म्हणालो. “दोनशे चौदा आहेत. सरकारी पुस्तकात आहेत, नकाशावर आहेत, तुझे बाबा दोनशे चौदाच सांगायचे. पाच पायऱ्यांसाठी सुद्धा माणूस भांडतो म्हणजे कमाल आहे!”

बायकोने पत्रक हातात घेतलं. ती याच गावात वाढलेली, त्या पायऱ्यांवरून लहानपणी रोज धावलेली.

“माझ्या लहानपणी दोनशे चौदाच होत्या,” ती म्हणाली. “पण खालचा रस्ता वाढवला तेव्हा पहिल्या पाच गाडल्या गेल्या ना. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“मग पुस्तकात?”

“पुस्तकात कोण लिहितंय? इथल्या माणसालासुद्धा मोजल्याशिवाय कळायचं नाही.” तिने पत्रक टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “अहो, दादांना कसं कळलं?”

मी चहा प्यालो. निवला होता. मी दुसऱ्यांदा विचारलं, काय म्हणालीस? तिने पुन्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी खिडकी बंद केली, पाटी लावली आणि घरी न जाता टेकडीची वाट धरली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी दुपारी झोपणार नव्हतो. स्टँडवरच्या चांभाराने हातातलं काम थांबवून मला बघितलं. पायऱ्या मी मोठ्याने मोजत होतो. साठाव्या पायरीवर बसलो. एकशे दहाव्यावर बसलो. एकशे साठाव्यावर बसलो तेव्हा दोन शाळकरी मुली मला ओलांडून वर गेल्या आणि त्या खाली उतरतानाही मी त्यांना तिथेच भेटलो. त्यांनी विचारलं, “काका, पाणी हवं का?” मी पाणी घेतलं. वर पोचलो तेव्हा आकडा होता दोनशे नऊ. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

वर मनोऱ्याच्या पायथ्याशी दुर्बीणवाला असतो. तिपाईवर मोठी दुर्बीण लावून तो लोकांना तळं दाखवतो. माझ्या पत्रकातलं पाचवं कारण म्हणजे हाच. तो मला ओळखत होता, मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

“चौकशी! तुम्ही इथे?”

दम परत आल्यावर मी विचारलं, “मागच्या महिन्यात कोणी म्हातारे गृहस्थ आले होते? उंच, ताठ, पायऱ्या मोजत?”

“आले होते की! मोठ्याने मोजत होते. वर येऊन म्हणाले, पाच कमी आहेत. जसं काही मीच चोरल्या.” तो हसला. “अजब माणूस. सगळे तळं बघतात. ते म्हणाले, मला बसस्टँड दाखवा. स्टँडवरची ती कोपऱ्यातली खिडकी. मी दुर्बीण फिरवून दिली. बघितलं आणि घड्याळ काढून बसले. दोन वाजता पुन्हा बघितलं. मग सव्वादोनला. मग अडीचला. मी म्हटलं, काका, काय आहे तिथे? तर म्हणाले, उघडायला हवी होती.”

“मग?”

“मग काय, पावणेतीनला उतरले. बस गाठायची होती त्यांना.”

मी म्हणालो, मला दाखव. त्याने दुर्बीण फिरवली. मी डोळा लावला. आधी नुसतंच धूसर, मग एकदम स्टँडचा कोपरा हातभर अंतरावर आल्यासारखा दिसला. माझी बंद खिडकी, तिच्यावर माझ्याच हस्ताक्षरातली पाटी. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पाटीसमोर एक बाई आणि एक पुरुष उभे होते, पायाशी बॅगा. पुरुष घड्याळ बघत होता. बाईने खिडकीवर टकटक करायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. बावीस वर्षं मी घरी झोपलेलो असायचो तेव्हा बाहेर हे चाललेलं असायचं. मला माझी इतकी लाज वाटली की मी दुर्बीणवाल्याकडे पाठ केली.

दादा खिडकी बडवणारा माणूस नव्हे, हे मला ठाऊक होतं. पाटीवर जे लिहिलंय ते खरं, असं मानून तो जगला. मी मात्र बडवली होती, आणि बडवली म्हणून माझा संसार झाला.

उतरायला मला चढण्याइतकाच वेळ लागला. खाली आलो तेव्हा ती बॅगांवाली दोघं निघून गेली होती. मी खिडकीच्या बाहेरच, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिलो आणि फळीवरची नोंदवही उघडली. ही वही मी दर महिन्याला उघडतो, ओळी मोजतो आणि आकडा नगरपालिकेला कळवतो. वाचत कधीच नाही. मागच्या महिन्याची पानं काढली. नाव, गाव, किती जण, आल्याची वेळ, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच. फिरणे. फिरणे. फिरणे. बस चुकली. फिरणे.

आणि मग फळ्यावर लिहावं तसं सुटं, सरळ अक्षर. दादाचं नाव. गाव. किती जण : एक. आल्याची वेळ : १.०५. येण्याचं कारण : धाकटा भाऊ.

मी तिथेच फळीला धरून रडलो. चांभार बघत होता, बघू दे म्हटलं. अकरा कारणं छापली मी, बावीस वर्षं छापली. ज्याला पाठवत होतो त्याने माझ्याच वहीत बारावं लिहिलं आणि मी गल्लीपलीकडे घोरत पडलो होतो.

आत जाऊन मी फोन उचलला. दादाच्या घरचा नंबर बदलला नसणार हे नक्की होतं. दादाकडे काही बदलत नाही. चार वेळा वाजल्यावर त्यानेच घेतला.

“कोण?”

माझ्या तोंडून निघालं, “दोनशे नऊ.”

 मग आवाज आला. म्हातारा झालेला, पण तोच. “मोजल्यास?”

“मोजल्या.”

“स्वतः?”

“हो. तीनदा बसलो.”

“मी एकदाच बसलो,” दादा म्हणाला.

“दादा, खिडकी बडवायची होतीस रे. मी मागेच होतो. घरी. झोपलो होतो.”

“पाटीवर दोन लिहिलं होतं,” तो म्हणाला. “मी दोनची वाट बघितली. मग अडीचचीही बघितली.”

  मग दादाच म्हणाला, “बुधवारी मोकळा आहे मी. वेळेवर उघडणार असशील तर सांग. आणि तुझं घर त्या खिडकीच्या कोणत्या दिशेला आहे?”

“पश्चिमेला,” मी म्हणालो. “गल्ली ओलांडली की.”

“उंबरा उंच आहे का? गुडघा धरलाय माझा त्या दिवसापासून.”

आज बुधवार. पाऊण वाजलाय. जेवणाच्या सुट्टीची पाटी मी काढून कपाटामागे टाकली आहे, डबा टेबलावर उघडून ठेवलाय आणि सुतळीच्या खुर्चीला नवी सुतळी बांधली आहे. बायको मागच्या दारातून चौथ्यांदा विचारते आहे, “आली का हो बस?”